संगीतवाहिन्यांवरून व्हिडिओ गेले की घालवले?

संध्यासूर (धागाकर्ता)

३१ डिसेंबर २०२५ रोजी ब्रिटनमधील एमटीव्हीच्या पाच वाहिन्या बंद झाल्या. या पाचही वाहिन्या केवळ संगीताला वाहिलेल्या होत्या. त्याच समूहाची तेथील मुख्य वाहिनी मात्र चालू राहिली. तिच्यावर गाणी जवळजवळ दिसत नाहीत, कदाचित म्हणूनच ती चालू राहिली असावी. बातमी अर्धवट वाचून 'एमटीव्ही बंद पडली' अशी अफवा जगभर पसरली आणि दोन-चार दिवस सगळीकडे हळहळ व्यक्त झाली. हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत ती वाहिनी लावली होती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला आणि उत्तर लाजिरवाणे निघाले.

या ऱ्हासाचे खापर सर्वजण इंटरनेटवर फोडतात. मला ते पटत नाही. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. सात अनोळखी तरुणांना एका घरात ठेवून त्यांच्यावर कॅमेरे रोखणारा 'द रिअल वर्ल्ड' हा कार्यक्रम १९९२ सालचा आहे आणि 'रिमोट कंट्रोल' ही प्रश्नमंजूषा तर १९८७ सालची. म्हणजे आग लागण्याच्या तेरा, किंबहुना अठरा वर्षे आधीच घरातले सामान बाहेर काढायला सुरुवात झाली होती. ज्या व्हिडिओंच्या जिवावर या वाहिन्या मोठ्या झाल्या, त्यांच्याशीच त्यांनी बेइमानी केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

सदस्यांना दोन प्रश्न विचारतो. वाहिनीवरची गाणी कमी होत आहेत हे तुमच्या प्रथम केव्हा लक्षात आले? आणि वाहिन्यांपुढे दुसरा काही मार्ग होता का?

खोडरबर

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! 'म्युझिक टेलिव्हिजन' नावाच्या वाहिनीवर म्युझिक तेवढे दिसत नाही, यापेक्षा या म्हणीचे चांगले उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकातही सापडायचे नाही.

दुर्बीण

खोडरबर, सोनूबाईने निदान पुढे प्रामाणिकपणा दाखवला. फेब्रुवारी २०१० मध्ये एमटीव्हीने आपल्या बोधचिन्हाखालचे 'म्युझिक टेलिव्हिजन' हे शब्दच काढून टाकले.

संध्यासूर, तुम्ही दिलेला कालक्रम मला मान्य आहे, परंतु 'बेइमानी' हा शब्द खटकतो, कारण बेइमानी व्हायला आधी इमान असावे लागते. वाहिनीची सुरुवातच पाहा. वॉर्नर आणि अमेरिकन एक्स्प्रेस यांच्या भागीदारीतील कंपनीने १ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्री एमटीव्ही सुरू केली. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला अहोरात्र काहीतरी दाखवावे लागते आणि ते सगळे स्वतः निर्माण करायचे म्हटले तर कोणाचेही दिवाळे निघेल. ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे मात्र प्रसिद्धीसाठी केलेल्या गाण्यांच्या फिती पडून होत्या आणि त्या फुकट द्यायला त्या तयार होत्या. फिती तयार करण्याचा खर्च कंपन्यांचा, आणि त्यातला बराचसा पुढे कलावंताच्याच मानधनातून वळता होत असे. वाहिनीच्या पदरी काय, तर निवेदक, स्टुडिओ आणि उपग्रहाचे भाडे.

फुकटच्या मालात एकच खोट असते, ती म्हणजे तो आपला नसतो. १९८४ साली एमटीव्हीने काही कंपन्यांना पैसे देऊन ठरावीक मुदतीपुरते अनन्य हक्क घेतले, तेव्हापासून तो फुकटही राहिला नाही. स्वतः निर्माण केलेला कार्यक्रम पुन:पुन्हा दाखवता येतो, दुसऱ्या देशात विकता येतो, त्याच्या डीव्हीडी काढता येतात. दुसऱ्याच्या व्हिडिओचे यांपैकी काहीही करता येत नाही. 'बीव्हिस अँड बटहेड' ही १९९३ सालची व्यंगमालिका आठवत असेल, तर तिच्यातील दोन टोणगे कोचावर बसून व्हिडिओंची टर उडवत असत. ती मालिका पुढे घरगुती वापरासाठी विक्रीला आली, तेव्हा हक्कांच्या अडचणीमुळे त्यातले बहुतेक व्हिडिओ वगळावे लागले. टर शिल्लक राहायची कशी, ज्याची उडवायची तेच गेले! माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मूळ मालकीत आहे.

मंद्रसप्तक

दुर्बीण यांचा प्रतिसाद आवडला, तथापि मालकी हे दुय्यम कारण आहे, असे माझा अनुभव सांगतो. मी काही वर्षे एका संगीतवाहिनीच्या कार्यक्रम नियोजन विभागात काम केले आहे. वाहिनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही.

आमच्या भिंतीवर प्रेक्षकसंख्येचा आलेख लावलेला असे. मालिका दाखवणाऱ्या वाहिन्यांचा आलेख टेकडीसारखा असतो: हळूहळू चढतो, थोडा वेळ टिकतो आणि कार्यक्रम संपला की उतरतो. आमचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा होता. दर साडेतीन-चार मिनिटांनी एक दाता, कारण दर साडेतीन-चार मिनिटांनी गाणे संपे आणि पुढचे गाणे न आवडलेला माणूस दुसरी वाहिनी लावी. आता जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षक किती वेळ टिकला यावर. एखाद्या गाण्यावर लोक किती जीव टाकतात, याची त्या हिशेबात नोंदच नसते. आमच्या पडद्यावरचे अत्यंत लोकप्रिय गाणे आणि दुसऱ्या वाहिनीवरची अत्यंत सुमार अर्ध्या तासाची मालिका यांच्यात मालिका सहज जिंकत असे, कारण पुढे काय होणार हे कळल्याशिवाय मालिकेतून उठता येत नाही. गाण्यात मात्र पुढे काय होणार हे सर्वांना पाठ असते.

गाणे ही सुटी वस्तू आहे आणि वाहिनी सलग चालते. या दोहोंचा संसार मुळातच अवघड होता. आरंभीच्या वर्षांत ही बाब झाकली गेली, कारण गाणे डोळ्यांनी पाहणे हीच नवलाई होती आणि लोक न आवडलेले गाणेही टक लावून पाहत. नवलाई ओसरल्यावर प्रेक्षक गळू लागला, तेव्हा गाण्यांचे प्रकारवार कप्पे करण्यात आले. '१२० मिनिट्स' १९८६ साली आले, 'हेडबँगर्स बॉल' १९८७ साली आणि 'यो! एमटीव्ही रॅप्स' १९८८ साली. हे तिन्ही कार्यक्रम उत्तम होते, याविषयी वाद नाही. पण त्यांनी एक गोष्ट नकळत केली: अखंड वाहणाऱ्या प्रवाहाच्या जागी वेळापत्रक आणले. एकदा वेळापत्रक आले की त्यातल्या एका चौकोनात गाणी भरायची की प्रश्नमंजूषा, हा निर्णय आलेख घेतो. संध्यासूर ज्याला बेइमानी म्हणतात, ती मी दर सोमवारच्या बैठकीत आकड्यांच्या रूपाने पाहिली आहे, आणि त्या खोलीत बसलेले सर्वजण गाण्यांवर प्रेम करणारेच होते.

खोडरबर

सोमवारच्या बैठकीत प्रेमाचा आलेख करवतीसारखा का होतो, हे आज कळले.

निळीशाई

मला या धाग्यातील मूळ गृहीतकाविषयीच शंका आहे. पूर्वी वाहिनीवर 'संगीत' होते आणि नंतर ते गेले, असे सर्वजण गृहीत धरून बोलत आहेत. पूर्वी होते ते कोणाचे संगीत? आरंभीच्या वर्षांत एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलावंत अभावानेच दिसत. १९८३ साली ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी याने मुलाखत घेणाऱ्या निवेदकालाच उलट विचारले होते की, तुमच्याकडे कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का दिसतात. निवेदकाने दिलेली उत्तरे आज ऐकली तर अंगावर काटा येतो, कारण तो बिचारा वाईट माणूस नाही. तो नियोजन विभागाची भाषा बोलतो आहे. आमचा प्रेक्षक रॉक संगीताचा आहे, छोट्या गावांतल्या लोकांना काय चालेल ते पाहावे लागते, वगैरे. मंद्रसप्तक, राग मानू नका, पण हा तुमचाच आलेख आहे, फक्त दहा वर्षे आधीचा. त्या वर्षी मायकेल जॅक्सनचे 'बिली जीन' वाहिनीवर आले आणि भिंतीला भगदाड पडले, तेही गाणे आधीच इतके गाजलेले होते की ते न दाखवणे वाहिनीलाच परवडले नसते.

तेव्हा हरवलेल्या सुवर्णयुगाविषयी गहिवरण्यापूर्वी ते युग कोणासाठी सुवर्णाचे होते, हे तपासावे.

मंद्रसप्तक

राग कशाला मानायचा? मुद्दा बिनतोड आहे. आलेखाला डोळे नसतात.

पुनरावृत्ती

निळीशाई यांनी जॅक्सनचा विषय काढलाच आहे, तर दुर्बीण यांच्या मालकीच्या मुद्द्याला बळ देणारी एक गोष्ट सांगतो. 'थ्रिलर'चा व्हिडिओ जवळजवळ चौदा मिनिटांचा. दिग्दर्शक जॉन लँडिस हा चित्रपटसृष्टीतला आणि खर्च त्या काळच्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा अफाट. ध्वनिमुद्रण कंपनी एवढा पैसा घालायला तयार नव्हती, कारण अल्बम येऊन वर्ष होत आले होते आणि तो आधीच भरपूर खपला होता. दुसरीकडे, व्हिडिओसाठी पैसे मोजायचे नाहीत हे एमटीव्हीचे धोरण. मग त्या व्हिडिओच्या निर्मितीवर एक माहितीपट तयार करायचे ठरले आणि एमटीव्ही व शोटाइम या दोन वाहिन्यांनी त्या माहितीपटाच्या प्रक्षेपणासाठी पैसे दिले. व्हिडिओसाठी छदामही न दिल्याचे समाधान वाहिनीला मिळाले आणि व्हिडिओही झाला. २ डिसेंबर १९८३ रोजी तो प्रथम दाखवला गेला आणि त्यानंतर तो पुन्हा किती वाजता लागणार, याच्या वेळा पडद्यावर जाहीर होऊ लागल्या.

गंमत अशी की व्हिडिओमागची हकीकत ही व्हिडिओपेक्षा विकाऊ असते, हे वाहिन्यांना बहुधा तिथेच प्रथम कळले. पुढच्या काळात कलावंतांच्या घरांत कॅमेरे शिरले, त्याचे बीज मला इथे दिसते.

अर्धविराम

सर्वांचे प्रतिसाद वाचतो आहे आणि पुष्कळ नवे कळते आहे. माझी अडचण साधी आहे, ती थोडी अवांतर वाटल्यास क्षमस्व.

वाहिनीवर गाणे लागले की आरंभी आणि शेवटी पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कलावंताचे, गाण्याचे, अल्बमचे आणि कंपनीचे नाव काही सेकंद येत असे. मधेच टीव्ही लावला तर नाव कळण्यासाठी शेवटपर्यंत थांबावे लागे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी असाच एक व्हिडिओ अर्ध्यातून पाहिला. पडद्याचे उभे दोन भाग होते आणि दोन्हींत एकेक तरुणी. बराच वेळ मला वाटले की आमचा टीव्ही बिघडला आहे, कारण उजवीकडच्या भागात सर्व काही उलटे घडत होते. नाव येण्याची वाट पाहत बसलो आणि नेमकी वीज गेली. त्यानंतर तो व्हिडिओ पुन्हा कधीही दिसला नाही. गाण्याची चालही आठवत नाही, आठवतो तो फक्त दुभंगलेला पडदा. जाणकारांनी मदत करावी.

खोडरबर

अर्धविराम, आपण आपले सदस्यनाम सार्थ केले आहे.

टाचणी

त्या कोपऱ्यातल्या पट्टीविषयी एक भर घालते. कंपनीचे नाव पहिल्यापासून येई, कारण माल तिचा. ज्याने तो व्हिडिओ रचला त्या दिग्दर्शकाचे नाव मात्र एमटीव्हीने १९९२ सालच्या अखेरीपासून द्यायला सुरुवात केली. त्या एका ओळीने पुष्कळ काही बदलले. मिशेल गॉन्ड्री, स्पाइक जोन्झ, मार्क रोमानेक ही नावे गाण्याच्या खाली वाचता वाचता आमच्यासारख्यांच्या ओळखीची झाली आणि गाणे कोणाचे आहे हे न पाहता, दिग्दर्शक कोण आहे हे पाहून आम्ही थांबू लागलो. संध्यासूर यांनी वर १९९२ हे साल ऱ्हासाच्या आरंभाचे म्हणून दिले आहे. त्याच वर्षी व्हिडिओला कलाकृती म्हणून पहिली अधिकृत पावती मिळावी, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. नव्वदच्या दशकात व्हिडिओ अधिकाधिक देखणे आणि खर्चिक होत गेले आणि त्याच दशकात त्यांना मिळणारा वेळ आक्रसत गेला. मायकेल आणि जॅनेट जॅक्सन यांच्या १९९५ सालच्या 'स्क्रीम'चा खर्च सत्तर लाख डॉलर असल्याचे सर्वत्र छापून आले होते. चार-साडेचार मिनिटांसाठी!

पैसा आटला तो त्यानंतर. १९९९ साली इंटरनेटवरून गाणी फुकट मिळवून देणारे नॅप्स्टर आले, सीडींचा खप घसरू लागला आणि कंपन्यांनी पहिली कात्री व्हिडिओच्या खर्चाला लावली. त्यामुळे नंतरच्या काळात वाहिन्यांनी दाखवायचे ठरवले असते, तरी दाखवण्याजोगे किती होते, हाही विचार करावा लागेल.

सलाईनबाटली

माझ्या लक्षात कधी आले, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नाही, म्हणून देतो. 'टोटल रिक्वेस्ट लाइव्ह' पाहताना. १९९८ ते २००८ अशी दहा वर्षे चाललेला हा कार्यक्रम प्रेक्षकांच्या मतांवर दहा व्हिडिओंची उतरंड लावत असे. नावापुरता तो व्हिडिओंचा कार्यक्रम होता. प्रत्यक्षात गाण्याचा एखादा तुकडा लागे, त्यावर कोपऱ्यातल्या चौकटीत एखादी मुलगी 'मी याला मत दिले कारण मला हा फार आवडतो' असे किंचाळे आणि कडवे पूर्ण होण्याच्या आत कॅमेरा पुन्हा स्टुडिओत येई. क्रमांक एकचे गाणेही अनेकदा अखेरपर्यंत दाखवत नसत. ज्याला सर्वाधिक मते, त्याचेही तुकडेच पडणार असतील, तर मते कशाला मागायची, असा विचार करून मी टीव्ही बंद केला, आणि पुढे त्या कार्यक्रमाचे काय झाले ते पाहिले नाही.

दुर्बीण

तुमच्या एकट्याची ही तक्रार नव्हती. २००७ साली एमटीव्हीच्याच व्हिडिओ पुरस्कार सोहळ्यात जस्टिन टिंबरलेक याने पुरस्कार घेताना मंचावरूनच वाहिनीला अधिक व्हिडिओ दाखवण्याचे आवाहन केले होते. वर्षभर न दाखवलेल्या गोष्टीसाठी वर्षातून एकदा थाटामाटाने पुरस्कार द्यायचे, ही रीत तेव्हा रूढ झालेलीच होती.

कोवळीपालवी

मी या चर्चेत वयाने बहुधा सर्वांत लहान असेन. संगीतवाहिनी समोर बसून पाहिल्याचे मला आठवत नाही. तुम्ही सर्वजण ज्याविषयी हळहळता, ते नेमके काय गेले, हे समजून घेण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न करत आहे. व्हिडिओ तर गेले नाहीत. 'गंगनम स्टाइल' डिसेंबर २०१२ मध्ये शंभर कोटी वेळा पाहिले गेले. २०१३ साली बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या गाण्यांच्या मुख्य क्रमवारीत यूट्यूबवरचे पाहणेही मोजले जाऊ लागले. ओके गो या गटाने व्यायामाच्या ट्रेडमिलवर नाचत चित्रित केलेला २००६ सालचा व्हिडिओ घरगुती थाटाचा होता आणि तरीही तो जगभर पाहिला गेला. त्याला कोणत्याही सोमवारच्या बैठकीची संमती लागली नाही. अर्धविराम काकांना जो व्हिडिओ एवढ्या वर्षांत पुन्हा दिसला नाही, तो आज हव्या त्या क्षणी हवा तितक्या वेळा पाहता येईल, फक्त नाव कळले पाहिजे. मग दुःख कशाचे आहे?

अर्धविराम

'काका' हे संबोधन स्वीकारतो. दुःख नाव न कळल्याचेच आहे.

निळीशाई

कोवळीपालवी, तुझा प्रश्न योग्य आहे आणि सुवर्णयुगावर मीच वर टीका केली असली, तरी त्याचे उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मी जे संगीत आज ऐकते, त्यातले अर्धे मला कधीही आवडले नसते, जर ते माझ्यावर लादले गेले नसते. आवडत्या गाण्याची वाट पाहताना मधली पाच नावडती गाणी सोसावी लागत. त्यांतले एखादे तिसऱ्या-चौथ्या खेपेला आवडू लागे. आज मला जे सुचवले जाते, ते मी कालच पसंत केलेल्या गोष्टींचे जुळे भावंड असते. आणखी एक सांगते. रात्री पाहिलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्याच वेळी पाहिलेला असे. शंभर कोटी वेळा पाहिलेल्या व्हिडिओला ते सुख नाही, कारण ते शंभर कोटी जण एकेकटे पाहत होते.

मंद्रसप्तक

आणि तीच पाच नावडती गाणी म्हणजे माझ्या आलेखातले पाच दाते. तुम्हाला त्यातून अभिरुची मिळाली; आम्हाला त्यातून घसरण मिळाली.

पुनरावृत्ती

मालकीच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण त्याला छेद देणारे उदाहरण आठवले. जर्मनीतील 'विवा' ही वाहिनी १९९३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापक भागीदारांत मोठमोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्याच होत्या. म्हणजे व्हिडिओही त्यांचे आणि वाहिनीही त्यांची. दुर्बीण यांचा सिद्धान्त खरा मानला, तर तेथे व्हिडिओ सुखाने नांदायला हवे होते. नव्वदच्या दशकात ते नांदलेही आणि एमटीव्ही दुर्लक्ष करत असलेल्या जर्मन गाण्यांना त्या वाहिनीने घर दिले. पण पुढे तिचाही वेळ बाहेरच्या मालिकांनी व्यापला, २००४ साली एमटीव्हीच्याच मालकांनी ती विकत घेतली आणि ३१ डिसेंबर २०१८ रोजी ती बंद झाली.

आशियातील 'चॅनल व्ही'ची भारतीय वाहिनी आणखी वळणावळणाने गेली: आधी गाणी, २०१२ साली गाणी बंद करून तरुणांच्या मालिका, काही वर्षांनी मालिका बंद करून पुन्हा गाणी आणि २०१८ साली पूर्णविराम. एमटीव्हीने तर १९९६ साली केवळ गाण्यांसाठी दुसरी वाहिनी काढली, एमटीव्ही टू. त्या धाकटीनेही यथावकाश थोरलीचाच कित्ता गिरवला. भिन्न देश, भिन्न मालक आणि गोष्ट एकच. याला एका कंपनीचा लोभ कसा म्हणायचे?

दुर्बीण

'विवा'चे उदाहरण अडचणीचे आहे, हे मान्य करते. थोडी माघार घेते, पूर्ण नाही. कंपन्यांना मालकीचा धडा मिळाला, तो टीव्हीकडून मिळाला आणि वापरला यूट्यूबवर. डिसेंबर २००८ मध्ये वॉर्नरने आपले व्हिडिओ यूट्यूबवरून काढून घेतले आणि अटी सुधारून घेतल्यावर पुढच्या वर्षी परत दिले. डिसेंबर २००९ मध्ये युनिव्हर्सल आणि सोनी यांनी मिळून यूट्यूबवरच 'व्हेवो' ही स्वतःची व्हिडिओ सेवा काढली, म्हणजे दुसऱ्याच्या बाजारात स्वतःचे दुकान थाटले आणि जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा घेतला. १९८१ साली फुकट वाटलेल्या फिती त्यांना अठ्ठावीस वर्षे खुपत होत्या. ज्या माध्यमात प्रत्येक व्हिडिओमागे पैसा मिळतो, ते सोडून त्यांनी वाहिन्यांची मनधरणी कशाला करावी?

खोडरबर

एक आकडा मीही देतो, नाहीतर माझी ख्याती विनोदापुरतीच राहील. जून २०२० मधील एका आठवड्यात एमटीव्हीच्या १६८ तासांपैकी ११३ तास 'रिडिक्युलसनेस' हा एकच कार्यक्रम होता. आणि त्या कार्यक्रमात काय असते? इंटरनेटवरचे मजेशीर व्हिडिओ लावायचे आणि त्यांवर हसायचे. म्हणजे इंटरनेटने वाहिनीचे व्हिडिओ नेले आणि वाहिनीने इंटरनेटचे. फिट्टंफाट.

सलाईनबाटली

बीव्हिस आणि बटहेड शेवटी वाहिनीचे मालक झाले म्हणायचे.

टाचणी

हसता हसता एका गोष्टीची नोंद राहून जायला नको. जून २०२४ मध्ये एमटीव्ही न्यूजच्या संकेतस्थळावरचे जुने लेखन वाचकांसाठी उपलब्ध राहिले नाही. त्यात अनेक वर्षांच्या मुलाखती आणि बातम्या होत्या. व्हिडिओ कंपन्यांचे होते म्हणून ते दुसरीकडे जिवंत आहेत. वाहिनीचे स्वतःचे जे होते, निवेदकांचे बोलणे, बातमीपत्रे, दोन गाण्यांमधला तो मधला वेळ, त्यातले बरेचसे लोकांनी घरी ध्वनिचित्रफितींवर उतरवून ठेवले म्हणून उरले आहे. दुर्बीण यांच्या सिद्धान्ताला ही उलटी पुरवणी समजावी: स्वतःच्या मालकीचे असले की जपले जातेच असे नाही.

संध्यासूर

दोन दिवस प्रवासात असल्याने उत्तर द्यायला उशीर झाला. सर्व प्रतिसाद सावकाश वाचले. 'बेइमानी' हा शब्द मी मागे घेतो. 'विवा'ची हकीकत मला माहीत नव्हती आणि मंद्रसप्तक यांची करवत डोळ्यांसमोरून हलत नाही.

तरीही माझा दुसरा प्रश्न अनुत्तरित आहे, असे वाटते. रेडिओवरही गाणी सुटीच असतात आणि नावडते गाणे लागले की तेथेही वाहिनी बदलता येते. मग गाणी वाजवणारा रेडिओ टिकला आणि गाणी दाखवणारा टीव्ही टिकला नाही, असे का? एमटीव्हीने पहिल्या रात्री जो पहिला व्हिडिओ दाखवला, त्यात व्हिडिओने रेडिओच्या गायकाचा जीव घेतल्याची घोषणा होती. आज मागे वळून पाहता भाकीत साफ चुकलेले दिसते.

मंद्रसप्तक

याचे उत्तर आमच्या विभागात प्रत्येकाला ठाऊक होते, पण ते वरिष्ठांपुढे कोणी मांडत नसे. रेडिओ ऐकणाऱ्याचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात. तो गाडी चालवतो, भांडी घासतो, हिशेब लिहितो. नावडते गाणे लागले तरी हात मोकळे होईपर्यंत ते संपलेले असते. टीव्ही पाहणाऱ्याच्या हातात रिमोट असतो आणि दुसरे कोणतेही काम नसते. आम्ही प्रेक्षकाकडून त्याचे डोळे मागत होतो आणि डोळे दिल्यानंतर माणूस कंटाळ्याच्या बाबतीत अतिशय चोखंदळ होतो. त्यामुळे वाहिन्यांपुढे दुसरा मार्ग होता का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, लहान राहण्याचा मार्ग होता. थोडा प्रेक्षक, थोडा नफा, थोडी माणसे आणि दिवसभर गाणी. काही छोट्या वाहिन्या तसे करून बराच काळ तगल्याही. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीत 'आपण लहानच राहू' असे म्हणणारा माणूस मात्र पुढच्या सोमवारी बैठकीत नसतो.

निळीशाई

हे पटले. विशेषतः भांडी घासण्याचा भाग.

टाचणी

अर्धविराम, आपले मूळ काम राहूनच गेले. वर गॉन्ड्रीचे नाव लिहिले तेव्हाच डोक्यात काहीतरी हलले होते, आज स्थिर झाले. उभा दुभंगलेला पडदा, दोन तरुणी, एका बाजूला काळ सुलटा चाललेला आणि दुसऱ्या बाजूला उलटा, आणि मध्यावर दोन्ही गोष्टी मोटारीच्या अपघातापाशी एकमेकींना भेटतात. 'चिबो मात्तो' या न्यूयॉर्कमधील जोडीचे 'शुगर वॉटर', १९९६, दिग्दर्शक मिशेल गॉन्ड्री. पाहून सांगा.

अर्धविराम

पाहिला. हाच. टाचणीताई, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे कळत नाही. अपघाताचा भाग मला मुळीच आठवत नव्हता, म्हणजे वीज त्याच्या आधीच गेली असावी. दोनदा पाहिला, पहिल्यांदा डावीकडे, दुसऱ्यांदा उजवीकडे. मधेच लावल्यावर टीव्ही बिघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते, हेही आता समजले.

खोडरबर

आणि शेवटी कोपऱ्यात नावाची पट्टी आली का?

अर्धविराम

नाही. त्याआधीच दुसरे गाणे सुरू झाले.